सगळ्यात वरचं कार्ड

खटपट्याचं हे नाव त्याच्या आईनेच पाडलं होतं, आणि ते कौतुकाने पाडलं असं समजायला काही जागा नाही. लहानपणी घरातलं एकही घड्याळ, रेडिओ किंवा कुलूप त्याच्या तावडीतून सुटलं नव्हतं. उघडलेल्या वस्तूंपैकी निम्म्या पुन्हा मिटल्या, बाकीच्या जन्मभर आ वासून राहिल्या. पुढे तो प्रोग्रॅमर झाला तेव्हा आईला हायसं वाटलं, कारण यापुढे तो जे काही उघडणार ते दुसऱ्याच्या घरचं असणार होतं.

प्रोग्रॅमर म्हणून तो चांगला होता. खोड एकच, पाच मिनिटांचं काम टाळायला तो पाच दिवस हसतमुखाने खपायचा. भिंतीवरचं बटण दाबायला उठावं लागू नये म्हणून त्याने दिव्यासाठी प्रोग्रॅम लिहिला. शेजारच्यांचं मांजर आपल्या खिडकीत येऊन बसलं की फोनवर कळावं म्हणून दुसरा लिहिला. मांजर रोज येतं हे त्याला प्रोग्रॅमशिवायही माहीत होतं, पण ते वेगळं. असा प्रत्येक प्रोग्रॅम तो एका रेपोत ठेवायचा. रेपो म्हणजे इंटरनेटवरची पेटी. प्रोग्रॅमच्या सगळ्या फायली आणि त्यांत वेळोवेळी झालेले बदल सांभाळणारी. काही पेट्या उघड्या, कोणीही यावं आणि झाकण उचलून बघावं. काही खाजगी, फक्त मालकाला दिसणाऱ्या. खटपट्याकडे दोन्ही तऱ्हेच्या पेट्यांचा ढीग पडला होता.

नोकरी बदलावी असं मनात आलं म्हणून त्याने एका कंपनीत अर्ज केला. ही कंपनी वाचनालयांसाठी सॉफ्टवेअर बनवायची आणि तिथल्या मुख्य बाई बोलायला सडेतोड होत्या. त्यांनी कळवलं, अर्ज मी वाचत नाही, सगळे तेच तेच लिहितात; त्यापेक्षा एक वेबसाइट पाठवा, जिच्यावर तुमचं सगळं काम एका नजरेत दिसेल.

साध्या माणसाने चार चांगल्या रेपो निवडल्या असत्या, प्रत्येकीखाली दोन ओळी लिहिल्या असत्या आणि संध्याकाळी फिरायला गेला असता. खटपट्याने एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली. ती आपली आपण जायची, त्याच्या सगळ्या रेपो गोळा करायची, प्रत्येकीचं एक सुबक कार्ड करायची, त्यावर नाव आणि वर्णन टाकायची, खाली त्या रेपोतली माहितीची फाइल अख्खी जोडायची, आणि जी रेपो सगळ्यात अलीकडे बदलली ती सगळ्यात वर, अशा क्रमाने कार्डं मांडायची. वेबसाइट स्टॅटिक होती. म्हणजे मागे कुठलाही प्रोग्रॅम चालू नाही. एकदा पानं तयार केली आणि इंटरनेटवर चढवली की काम संपलं. भिंतीवर चिकटवलेल्या जाहिरातीसारखी ती नवी चिकटवेपर्यंत तशीच राहतात. खटपट्याला हा साधेपणा फार आवडायचा, त्यावर तो मित्रांना न विचारता व्याख्यान द्यायचा.

रेपो गोळा करायच्या तर स्क्रिप्टला एक किल्ली द्यावी लागते. खटपट्याने स्वतःचीच दिली, म्हणजे मालकाची. मालकाच्या किल्लीने खाजगी पेट्याही उघडतात हे त्याला चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर त्याने स्क्रिप्टमध्ये योग्य जागी 'इथे खाजगी वगळायच्या' अशी स्वतःसाठी टीप लिहून ठेवली होती. मग कार्डांच्या कडा किती गोल असाव्यात या प्रश्नात तो शिरला. त्यातून बाहेर आला तेव्हा टीप होती तिथेच होती आणि वगळायचं मात्र राहून गेलं होतं.

शनिवारी सकाळी साइट चढली. त्याने ती लॅपटॉपवर पाहिली, फोनवर पाहिली, फोन आडवा धरून पाहिली. कडा सुंदर आल्या होत्या. कार्डांवर काय लिहिलंय ते त्याने वाचलं नाही. आपलंच लिहिलेलं कोण वाचत बसतं. लिंक त्याने बाईंना पाठवली आणि त्याच दमात आईलाही पाठवली. खाली लिहिलं, 'हे बघ माझं सगळं काम.'

आता आईबद्दल सांगायला हवं. आईने सगळी नोकरी एका छापखान्यात प्रुफं तपासण्यात काढली होती. तुम्ही-आम्ही वाचतो म्हणजे नजर फिरवतो. आई वाचायची ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, तळटिपांसकट. औषधाच्या खोक्यातला घडी घातलेला कागद ती दोन्ही बाजूंनी वाचायची, तिकिटामागचे नियम वाचायची. पुढे ती निवृत्त झाली, खटपट्याचे वडील गेले, आणि दुसऱ्या शहरातल्या जुन्या, पहिल्या मजल्यावरच्या घरात ती एकटी राहू लागली. पण वाचायची ही सवय काही गेली नाही. आपण लिहिलेली माहिती शेवटपर्यंत कोणी वाचणार नाही अशी तमाम प्रोग्रॅमरांची खात्री असते. त्या खात्रीला जो एक अपवाद होता, त्याच्याच हातात खटपट्याने लिंक नेऊन ठेवली होती.

थोड्या वेळाने चहाचा कप घेऊन तो पुन्हा साइट उघडून बसला, नुसतं डोळे भरून बघायला. या वेळी मात्र नजर कडांवरून घसरून आत पडली. सगळ्यात वरच्या कार्डावर नाव होतं, 'आई-उत्तर'. आणि खाली वर्णन, 'आईच्या रोजच्या मेसेजना आपोआप उत्तर देतो. तिला अजून कळलेलं नाही.'

खटपट्याने ते दोनदा वाचलं. कप त्याने टेबलावर ठेवला असं त्याला वाटलं, प्रत्यक्षात तो टेबलाच्या कडेवर ठेवला होता, आणि पुढचा काही वेळ चहा पुसण्यात गेला.

त्याचं असं झालं होतं. आईचे मेसेज दिवसभर यायचे. उठलास का. पोचलास का. जेवलास का. आभाळ भरून आलंय, छत्री घेतलीस का. खटपट्या मनाने वाईट नव्हता, पण कामात डोकं घातलं की त्याला जगाचा विसर पडायचा. संध्याकाळी फोन हातात घ्यावा तर आईचे चार प्रश्न आणि त्याखाली तिचंच एक नुसतं 'बरं'. हे 'बरं' त्याला फार लागायचं. एकदा सलग दोन दिवस उत्तर द्यायचं राहिलं, तर आईने घरमालकिणीला फोन करून त्याच्या दारावर थापा मारायला लावल्या. तोंडात टूथब्रश घेऊन तो दारात उभा, आणि घरमालकीण फोनवर आईला सांगतेय की हो, हिंडतोय-फिरतोय, काही झालेलं नाही. त्या दिवशी त्याला खरोखर लाज वाटली. अशी लाज वाटली की दुसऱ्या कुणा मुलाने आईला रोज फोन करायचं ठरवलं असतं. याने दार लावून घेतलं आणि प्रोग्रॅम लिहायला बसला.

प्रोग्रॅम उत्तम होता, हेही कबूल करायला हवं. एकाच प्रश्नाला तो आज 'हो आई, जेवलो' म्हणायचा, उद्या 'आत्ताच उठलो जेवून', परवा 'पोटभर'. आईचे नवे प्रश्न रोजच्या रोज रेपोत साठवायचा आणि त्यांतून शिकायचा. म्हणून तर ती रेपो रोज बदलायची, आणि म्हणूनच आज ती सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसली होती. खटपट्याला विशेष अभिमान होता तो वेगाचा. आईचा मेसेज पडला की डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर गेलेलं असायचं. आईचं 'बरं' बंद झालं, रुसवे थांबले. गेले कित्येक महिने मायलेकांचं झकास चाललं होतं, फक्त त्यातल्या लेकाचं काम प्रोग्रॅम करत होता.

आणि आता ते सगळं गोल कडांच्या कार्डात चारचौघांसमोर मांडलेलं होतं.

घाबरलेल्या माणसाच्या हातून होतं तसंच झालं. आधी त्याने रेपोवरचं वर्णन पुसून टाकलं. साइट उघडून पाहिली, तर वर्णन जागच्या जागी. मूळ कागद फाडल्याने भिंतीवरची जाहिरात निघत नाही, हे तोच सगळ्यांना सांगायचा. मग त्याने स्क्रिप्ट उघडली, टिपेखाली राहिलेली ओळ एकदाची लिहिली, स्क्रिप्ट चालवली, साइट पुन्हा चढवली. पाहतो तो काय, अट उलटी पडली होती. खाजगी रेपो वगळण्याऐवजी त्याने उघड्या वगळल्या होत्या. आता साइटवर दिवा नव्हता, मांजर नव्हतं. जगाला जे दाखवायचं नव्हतं तेवढंच ठळकपणे शिल्लक होतं. वर आई-उत्तर, आणि खाली साहेब मीटिंगमध्ये किती जांभया देतात ते मोजणारा एक प्रोग्रॅम, तक्त्यासह. खटपट्याने तोंडातल्या तोंडात स्वतःला दोन शिव्या दिल्या आणि अट सरळ केली. तिसऱ्या खेपेला साइट स्वच्छ झाली.

तो खुर्चीत मागे रेलला आणि मनाला समजावू लागला. शनिवार आहे. आई बाजारात गेली असेल. लिंक उघडायला तिला नेहमीच वेळ लागतो. असं चाललेलं असतानाच फोन वाजला. आईचा मेसेज होता, 'लिंक मिळाली. फोनवर अक्षर बारीक दिसतं म्हणून मघाशीच कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन सगळं छापून आणलं. आता वाचायला बसते.'

त्याने तो पुरता वाचायच्या आत खाली उत्तर उमटलं, 'वा आई, मस्त!' ते त्याने लिहिलं नव्हतं. या सगळ्या धावपळीत प्रोग्रॅम बंद करायचं त्याला सुचलंच नव्हतं.

त्याने प्रोग्रॅम बंद केला आणि आईला फोन लावला. तिने उचलला. कागदाची सळसळ ऐकू आली. आई म्हणाली की वाचते आहे, मध्ये बोलू नकोस. त्याने विचारलं, मी येऊ का? ती म्हणाली, ये की. आणि फोन ठेवला. त्या दोन शब्दांत राग होता, रुसवा होता की काहीच नव्हतं, याचा त्याला थांग लागेना. त्याने सापडले ते जोडे पायात घातले आणि बस गाठली.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली, पण बाहेर काय दिसतंय याकडे त्याचं लक्ष नव्हतं. आई भांडली असती तर त्याला ते चाललं असतं. आई भांडणाऱ्यांतली नव्हती हीच अडचण होती. मागे कधीतरी आत्या तिला काहीतरी टाकून बोलली होती. आई तेव्हाही भांडली नाही, पण तेव्हापासून आत्याने काहीही विचारलं की ती हसून 'बरं आहे' म्हणते, आणि त्यापुढे एक शब्द नाही. आत्या आजही त्यावरून हळहळते. खटपट्याला तेच दिसत होतं. आई त्याला काही बोलणार नाही, नुसती लिहायची थांबेल. उठलास का नाही, पोचलास का नाही, काही नाही. ज्या मेसेजना उत्तर द्यायचा त्याला इतके महिने कंटाळा होता, ते उद्यापासून येणार नाहीत हा विचार त्याला सोसवेना. शेजारच्या प्रवाशाला आपला चेहरा दिसू नये म्हणून त्याने तोंड खिडकीकडे वळवलं.

तेवढ्यात कंपनीच्या बाईंचा फोन आला. साइट पाहिली म्हणाल्या, काम नीटनेटकं आहे, सोमवारी भेटायला या. मग जरा थांबून म्हणाल्या की सकाळी सगळ्यात वर एक कार्ड होतं, ते आता दिसत नाही. सासूबाईंसाठीही चालतं का ते? एरवी खटपट्या या फोनने हवेत तरंगला असता. आता त्याने हो, नाही, येतो असं काहीतरी पुटपुटून फोन खिशात टाकला, आणि आपण कशाला हो म्हणालो हेही त्याला धड आठवेना.

घराचं दार लोटलेलंच होतं. आई खिडकीजवळच्या टेबलाशी बसली होती, डोळ्यांवर जाड चष्मा, हातात लाल पेन. समोर कागदांची चळत. डाव्या बाजूला वाचून झालेली पानं पालथी, उजवीकडे राहिलेली. मान वर न करता तिने त्याला हाताने बसायची खूण केली, कारण परिच्छेद अर्धा सोडायचा नाही हा छापखान्यातला नियम ती घरातही पाळायची. खटपट्या खुर्चीच्या टोकावर बसला. आई मांजराच्या प्रोग्रॅमबद्दल वाचत होती. वाचून झालं, तिने एका ओळीखाली रेघ मारली, पान पालथं घातलं, आणि मग डाव्या गठ्ठ्याच्या तळातून एक पान काढून त्याच्यापुढे सरकवलं. ते पहिलं पान होतं.

"म्हणजे मला उत्तरं देत होतं ते हे," आई म्हणाली.

  "हो आई," तो म्हणाला.

"किती दिवस?"

"बरेच महिने झाले."

आईने चष्मा काढला, पदराने पुसला, टेबलावर ठेवला. मग तिने एक लांब श्वास सोडला आणि पाठ खुर्चीला टेकवली. तिचे खांदे खाली आले. खटपट्या जीव मुठीत धरून बघत होता.

"मग तुझी नोकरी आहे ना रे?" तिने विचारलं.

खटपट्याला प्रश्न कळला, पण इथे कुठून आला ते कळेना. आहे की, तो म्हणाला, नोकरीला काय झालंय.

"कामावरचा माणूस इतक्या पटकन उत्तर देतो का कधी?" आई म्हणाली. "मी 'पोचलास का' लिहून फोन खाली ठेवत नाही तोवर तुझं 'पोचलो'. सकाळी तेच, दुपारी तेच, तू म्हणायचास त्या मीटिंगच्या वेळीही तेच. आधी तू संध्याकाळपर्यंत फिरकायचा नाहीस. मला वाटलं, याची नोकरी गेली. घरात एकटा बसलाय, फोन हातात धरून, आणि मला सांगायची लाज वाटतेय."

 आई आता सुटली होती, आणि बोलता बोलता तिचा आवाज मोकळा होत गेला. तिने म्हणे शेवटी मामाला खटपट्याच्या ऑफिसात पाठवलं होतं. मामा सहज आल्यासारखा खाली जाऊन बसला, तर स्वागताच्या टेबलाशी बसलेल्या मुलीने सांगितलं की ते आत आहेत. तेवढ्याने आईचं समाधान झालं नाही. आत आहेत असं काय, कोणाबद्दलही सांगतात. विचारावं तर पोर दुखावेल. मग तिने ठरवलं की आपण निदान लिहीत राहायचं. बिचारा दिवसभर एकटा बसून असतो, तेवढीच सोबत.

"म्हणून मी जास्त लिहायला लागले," आई म्हणाली. "तुला काय वाटलं, मला उद्योग नाहीत? मला वाचनालयात जायचं असतं, भाजी आणायची असते. तरी आपली दर थोड्या वेळाने लिहितेय, हे खाल्लंस का, ते पाहिलंस का. विषय सुचेनात मला. परवा तर आपल्या गल्लीतल्या दिव्याचा खांब रंगवला तेही लिहिलं."

खटपट्याला तो मेसेज आठवला नाही, कारण त्याने तो वाचलाच नव्हता. प्रोग्रॅमने त्याला 'अरे वा, कुठला रंग?' असं उत्तर दिलं होतं, आणि आईने, पोराला विरंगुळा म्हणून, खाली जाऊन रंग नीट बघून येऊन कळवला होता. हे ऐकलं आणि खटपट्याला हसू फुटलं. आधी तो दाबत होता, मग आईच्याही तोंडाचा कोपरा हलला, आणि दोघं टेबलाशी बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. सकाळपासून छातीवर बसलेला दगड गडगडत खाली गेला. त्याच्या लक्षात आलं की आईच्या छातीवरचा तर कित्येक महिने तिथे होता.

हसू ओसरल्यावर आईने बोट ठेवलं ते वर्णनावर. 'तिला अजून कळलेलं नाही' या ओळीखाली तिने रेघ मारली नव्हती की खूणही केली नव्हती.

"हे मात्र लागलं मला," ती म्हणाली.

"चुकलं माझं, आई."

आईने मान हलवली. तिने पान उलटून मागची बाजू वर केली. तिथे प्रोग्रॅमची माहिती छापली होती, आणि त्यात खटपट्याने लिहिलं होतं की मेसेजमध्ये पुढचे शब्द आले तर प्रोग्रॅमने उत्तर द्यायचं नाही, ताबडतोब माझा फोन मोठ्याने वाजवायचा. गुडघा, चक्कर, पडले, डॉक्टर, एकटी. या ओळीखाली लाल रेघ होती.

"तरीच म्हटलं," आई म्हणाली, "गुडघ्याचं लिहिलं की मिनिटाच्या आत तुझा फोन. त्या एका वेळेलाच काय तो तुझा आवाज ऐकू यायचा. घाबरलेला असायचा. मला वाटलं, आधीच नोकरीच्या काळजीत आहे, त्यात हे कशाला. म्हणून लिहायचं सोडून दिलं."

खटपट्याने विचारलं, मग गुडघा बरा आहे ना आता?

"कुठला बरा," आई म्हणाली. "जिना उतरताना जीव जातो."

ती हे सहज म्हणाली, पण खटपट्याचं हसू पार मावळलं. वरच्या मजल्यावरची मंडळी जिन्याने उतरत असावीत, त्यांच्या पावलांचा आवाज भिंतीतून येत होता. आईने पुन्हा चष्मा लावला आणि शेवटच्या शब्दावर पेनाचं टोक टेकवलं. एकटी हा शब्द कशाला घातला, तो तर मी कधी लिहिला नव्हता, असं तिने विचारलं.

"लिहिलास तर लगेच कळावं म्हणून," तो म्हणाला.

 आईने हात लांबवून त्याच्या केसांतून फिरवला, लहानपणी उघडलेलं घड्याळ परत चालू केल्यावर फिरवायची तसा. मग उठून चहा टाकला. उठताना तिने टेबलाचा आधार घेतला हे खटपट्याने पाहिलं, आणि असा आधार ती कधीपासून घेते हे आपल्याला माहीत नाही हेही त्याच्या ध्यानात आलं. चहा घेताना त्याने गुडघ्याची सगळी हकिगत विचारली. कधी सुरू झालं, कुठल्या बाजूला, डॉक्टर काय म्हणाले, गोळ्या कुठल्या. आईने सांगितलं, आणि आई काहीही सांगायची ती पहिल्यापासून शेवटपर्यंत, तळटिपांसकट. तो मध्ये बोलला नाही.

त्याने दुपारीच हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. रविवारी दोघं जाऊन आली. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले, एक पट्टा दिला आणि शस्त्रक्रियेचं नाव काढलं नाही, तेव्हा खटपट्याने बाहेरच्या बाकावर बसून दोन मिनिटं नुसता श्वास घेतला.

निघायच्या आधी त्याने सांगितलं की तो प्रोग्रॅम आता पुसून टाकतो. आईने हात वर केला. पुसू नकोस म्हणाली. उठलास का, पोचलास का, छत्री घेतलीस का, या प्रश्नांना तिला स्वतःलाच उत्तर नको होतं. ती सवयीने विचारायची, आणि सवयीला सवयीने उत्तर मिळालं तर तिची हरकत नव्हती. शिवाय आता पोराला सोबत करायची जबाबदारी संपली होती, तेव्हा ती लिहिणारही कमीच होती. वाचनालयातली नवी पुस्तकं कित्येक महिने तिची वाट बघत होती.

"फक्त 'जेवलास का' ते त्याला देऊ नकोस," ती म्हणाली. "त्याचं उत्तर तू दे. दुपारी विचारलं आणि रात्री सांगितलंस तरी चालेल. पण जेवला नसशील तर नाही म्हण."

सोमवारी तो वाचनालयवाल्या बाईंकडे गेला. त्या भेटीला सकाळ पुरली नाही. बाईंनी सासूबाईंचा विषय तीनदा काढला, दोघा-तिघांशी त्याची गाठ घालून दिली, कामाची मोठी खोली दाखवली, आणि पुढच्या महिन्यापासून या म्हणाल्या. तो बाहेर पडला तेव्हा दुकानांचे दिवे लागले होते. फोन काढून पाहिला तर दुपारचा मेसेज होता. 'जेवलास का?' त्याखाली काही नव्हतं. प्रोग्रॅमने सांगितल्याप्रमाणे तोंड मिटून घेतलं होतं.

खटपट्या रस्त्याच्या कडेला थांबला. 'नाही आई, आज राहून गेलं. पण नोकरी मिळाली,' असं त्याने लिहिलं आणि पाठवलं. मग तो उत्तराची वाट बघत उभा राहिला. उत्तर आलं नाही. तो घरी आला, कपडे बदलले, फोन बघितला. नाही. जेवण गरम करून टेबलावर ठेवलं आणि फोन शेजारी ठेवला. नाही. जिना उतरताना पाय तर सरकला नसेल, असं मनात येऊन गेलं. घरमालकिणीसारखं तिथे कोण आहे, ज्याला फोन करून दार वाजवायला सांगता येईल, हे तो आठवू लागला, आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंचा नंबर आपल्याकडे नाही हे त्याला उमगलं. ताटातलं गार होत होतं आणि त्याचा हात काही पुढे होईना.

मग फोन थरथरला. आईने लिहिलं होतं, 'पुस्तकात होते. मेसेज आत्ता पाहिला. फार आनंद झाला. आधी जेव.'

खटपट्याचा जीव भांड्यात पडला. काकूंचा नंबर दे, असं त्याने आईला लिहिलं, आणि मग तो जेवायला बसला.